सर्जनांच्या संस्थेचं सभासद व्हावं का?

पत्र:

मी जनरल सर्जरीच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्या युनिटमध्ये काम भरपूर, पण माझ्या हाताला केस मिळत नाही. जखम उघडी ठेवणारं उपकरण, म्हणजे रिट्रॅक्टर, धरून तासन्‌तास उभी असते. महत्त्वाचा भाग आला की सर स्वतः करतात. जरा चुकलं की सगळ्यांदेखत अपमान ठरलेला. दोन महिन्यांपूर्वी मी मदतीला होते त्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. युनिटमध्ये त्यावर कुणी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, नेहमीसारखी सुरू. माझ्या मनातून मात्र ते जात नाही. पुढे मला एखाद्या लहान, आडबाजूच्या रुग्णालयात काम करायचं आहे, पण तिथे एकटीने निभेल का याची धास्ती वाटते. बरोबरचे म्हणतात, सर्जनांच्या संस्थेची सभासद हो. वर्गणी काही थोडी नाही. नावापुढे चार अक्षरं आणि वर्षाकाठी एक परिषद, यापलीकडे अशी संस्था माझ्यासारखीला काय देते?

– एक रेसिडेंट

उत्तर:

सभासद व्हा. अंतिम परीक्षा संपायची वाटही पाहू नका. मात्र त्या चार अक्षरांसाठी होऊ नका.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. केस मिळत नाही, अपमान होतो, मृत्यूबद्दल कुणी बोलत नाही, पुढची भीती वाटते. ही चार वेगळी दुखणी दिसतात, पण मूळ एकच आहे. तुमचं सगळं शिक्षण एका माणसाच्या मर्जीवर टांगलेलं आहे. सरांचं मन असेल तर केस, सरांचा मूड असेल तर शाबासकी, सर बोलले तर मन मोकळं. व्यावसायिक संस्थेचं खरं काम ही मर्जी मोडून काढणं, हे आहे. शिकणाऱ्याला काय आलंच पाहिजे, त्याला कसं वागवायचं, काही बिघडलं तर पुढे काय करायचं, हे साऱ्या व्यवसायाने मिळून ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि शिकणाऱ्याच्या हाती द्यायचं.

हे आजचं नाही. १५०५ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरातल्या न्हावी आणि शल्यविशारदांनी नगर परिषदेकडून सनद मिळवली. धंदा करणाऱ्याला शरीररचना ठाऊक हवी, परीक्षा दिल्याशिवाय कुणी स्वतंत्र काम करू नये, उमेदवारीला घेतलेल्या मुलाला लिहिता-वाचता यावं, अशा अटी तिच्यात होत्या. विच्छेदन शिकण्यासाठी वर्षातून एकदा देहदंड झालेल्या गुन्हेगाराचा मृतदेह मिळावा, हेही तिच्यातच होतं. एडिंबराचं आजचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स आपला इतिहास त्या सनदेपासून मोजतं. गुरू कितीही चांगला असो, शिष्याला काय यायला हवं हे त्याच्या एकट्याच्या लहरीवर सोडायचं नाही, एवढं त्या लोकांना पाचशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, म्हणजे नंतर निराशा नको. परवाना देणारी परिषद निराळी. पगार, पाळ्या आणि सुट्ट्यांसाठी भांडणारी डॉक्टरांची संघटना निराळी. दावा झाला तर वकील देणारी संरक्षण संस्था निराळी. सर्जनांची संस्था यांपैकी कुणाचीच जागा घेत नाही. तिचा आवाकाही देशागणिक बदलतो. १९२७ साली स्थापन झालेलं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्स स्वतः प्रशिक्षण चालवतं आणि परीक्षा घेतं. अमेरिकेत परीक्षेचं काम बोर्डाकडे आहे. १९१३ साली सुरू झालेलं अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स शिक्षण आणि रुग्णालयांचा दर्जा पाहतं. भारतात पदवी विद्यापीठाची किंवा राष्ट्रीय बोर्डाची, आणि १९३८ पासूनची असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया परिषदा, नियतकालिक, शिकवण्या यांतून काम करते. तुमच्या संस्थेच्या हातात नेमकं काय आहे ते आधी समजून घ्या. जे तिच्या हातात नाही, त्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका.

आता केसचं. ‘मला केस मिळत नाही’ हे होस्टेलच्या खोलीत बोललं की गाऱ्हाणं होतं. तेच आकड्यांत मांडलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कॉलेजांचं एक सामाईक लॉगबुक, म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियांची नोंदवही, आहे. त्यात प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे तुमची भूमिका लिहावी लागते: नुसती मदत केली, सीनियर हात धुवून, म्हणजे शस्त्रक्रियेत उतरायला सज्ज होऊन, शेजारी उभे असताना केली, सीनियर थिएटरमध्ये होते पण हात न धुता, स्वतंत्रपणे केली, की धाकट्याला शिकवत केली. वर्षाच्या शेवटी ही नोंद युनिटबाहेरचे लोकही पाहतात. तीनशे केसेसमध्ये ‘मदत केली’ आणि ‘केली’च्या रकान्यात चार, असं दिसलं तर प्रश्न शिकणाऱ्याला विचारला जात नाही, तो शिकवणाऱ्याकडे वळतो. तुमच्याकडे अशी सक्ती असो वा नसो, आज रात्रीपासून वही याच पद्धतीने भरायला घ्या. रुग्णाचं नाव कुठेही लिहू नका; तारीख, शस्त्रक्रिया, तुमची भूमिका, आणि काय शिकलात त्याची एक ओळ.

मग ती वही घेऊन सरांकडे जा आणि अख्खी केस मागू नका, केसचा तुकडा मागा. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं असेल तर पोर्ट, म्हणजे उपकरणं आत नेण्याच्या नळ्या, घालणं, पित्तनलिकेजवळचा धोक्याचा भाग मोकळा करणं, क्लिपा लावणं, पित्ताशय यकृतापासून सोडवणं, शेवटी बाहेर काढून बंद करणं, असे त्याचे स्वाभाविक टप्पे आहेत. ‘यकृतापासून सोडवायचा भाग या महिन्यात मला करू द्याल का?’ हे मागणं नाकारायला जड जातं, कारण त्यात सरांना वाटणारी जोखीम कमी आहे. संस्थांचे अभ्यासक्रमसुद्धा आता शस्त्रक्रियेचे असेच टप्पे पाडून मूल्यमापन करतात, तेव्हा हे मागणं तुमच्या पदरचं नाही हेही सांगता येईल.

थिएटरबाहेरही हात बसवता येतो. अमेरिकेत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जनांच्या संस्थांनी सरावाच्या पेटीवर करायच्या पाच कसरती ठरवल्या आहेत: खुंट्यांवरचे तुकडे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेणं, आखलेलं वर्तुळ कापणं, फास अडकवणं, आणि टाका घालून गाठ दोन तऱ्हांनी मारणं, एकदा बाहेर बांधून आत सरकवायची, एकदा आतच बांधायची. प्रत्येकीला वेळ आणि अचूकता यांचं मोजमाप आहे. २००९-१० पासून प्रशिक्षण संपवणाऱ्यांना ती परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय तिथल्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही. तुमच्या संस्थेच्या कार्यशाळेत अशी पेटी असेल तर ती कुणाच्या मर्जीची वाट पाहत नाही. संस्थेकडे नसेल तर चार रेसिडेंट मिळून एक साधा डबा, कॅमेरा आणि जुनी उपकरणं जमवता येतात, कसरती त्याच.

आणि रिट्रॅक्टर धरलेले तास? तेही फुकट जायला नकोत. ॲबर्डीनच्या मानसशास्त्रज्ञांनी सर्जनांच्या बरोबरीने, एडिंबराच्या कॉलेजच्या सहभागातून, थिएटरमधल्या वागण्याचं निरीक्षण करायची एक चौकट तयार केली. ती चार गोष्टी पाहते: परिस्थितीचं भान, निर्णय, संवाद आणि सहकार्य, नेतृत्व. पुढच्या वेळी उभ्या असाल तेव्हा सरांच्या हाताबरोबर निर्णयही पाहा. कुठे ते थांबले, कुठे बेत बदलला, भूलतज्ज्ञाला काय विचारलं, आणि काय विचारायला हवं होतं. चांगल्या उदाहरणाइतकंच वाईट उदाहरणही इथे शिकवतं.

लहान रुग्णालयात एकटीने निभेल का, या प्रश्नाला मी एक खरी हकीकत सांगून उत्तर देते. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक कुटुंबासह स्वतःचं छोटं विमान चालवत होते. नेब्रास्कातल्या एका शेतात ते कोसळलं. पत्नी जागीच गेली, चार मुलांपैकी तिघं गंभीर जखमी. कसंबसं जवळच्या लहान रुग्णालयात पोचल्यावर त्यांना दिसलं की तिथल्या लोकांना अशा जखमींवर आधी काय, नंतर काय करायचं, हेच ठाऊक नाही. ती माणसं निष्काळजी नव्हती. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर ‘ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट’ (एटीएलएस) हा अभ्यासक्रम रचला आणि १९७८ मध्ये नेब्रास्कातच पहिल्यांदा शिकवला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो उचलला, आणि आज तो जगातल्या ऐंशीहून जास्त देशांत शिकवला जातो. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची अवस्था, मग अंगावरचे कपडे काढून संपूर्ण तपासणी. आज कुठल्याही अपघात विभागात रेसिडेंटच्या तोंडी असलेला हा क्रम त्यातूनच घराघरांत, म्हणजे रुग्णालयारुग्णालयांत पोचला.

मला या हकिकतीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. तो अभ्यासक्रम बड्या केंद्रांतल्या तज्ज्ञांसाठी रचलेलाच नव्हता. जिथे रात्री दोन वाजता एकच डॉक्टर असतो, अशा ठिकाणासाठी तो होता. आणि एका माणसाची तळमळ कितीही खरी असली, तरी संस्थेने पाठ्यपुस्तक, शिक्षकांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि ठरावीक वर्षांनी सुधारणा ही जोड दिली नसती तर ते ज्ञान नेब्रास्काबाहेर फारसं गेलं नसतं. तुमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गणीतून काही करायचं असेल तर सभासदांच्या सवलतीत हा अभ्यासक्रम आधी करा. परिषदेचं पुढच्या वर्षी पाहू.

आडबाजूला राहून शिकता येतं, याचं दुसरं उदाहरण पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेचं आहे. तिथल्या देशांनी मिळून १९९९ मध्ये सर्जनांचं एक कॉलेज काढलं. त्याला स्वतःचं एक मोठं रुग्णालय नाही. ‘भिंती नसलेलं कॉलेज’ असंच ते स्वतःला म्हणवतं. शिकणारा आपल्याच देशातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयात राहतो, अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्यांची एक. तिथे तयार झालेले बहुतेक सर्जन आफ्रिकेतच राहिले आहेत. मोठ्या शहरात जाऊन शिकलेला माणूस परत येत नाही, हे दुखणं जगभर आहे. त्यावर शिक्षणच त्याच्या गावी नेणं, हा इलाज मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आता त्या मृत्यूबद्दल. इथे मी थोडी थांबणार आहे.

ज्या युनिटमध्ये मृत्यूवर बोललं जात नाही, तिथे दोन माणसं एकटी पडतात. एक गेलेल्या रुग्णाचा नातेवाईक, दुसरा त्या शस्त्रक्रियेतला सर्वांत धाकटा डॉक्टर. तुम्हाला जे होतंय ते कमकुवतपणाचं लक्षण नाही. त्याचा अभ्यास झाला आहे, आणि इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने तर अशा प्रसंगानंतर सर्जनला आधार कसा द्यावा याची मार्गदर्शिकाच काढली आहे. एखादी घटना घडली की सहकाऱ्याने लगेच विचारपूस करावी, पुढची यादी शक्य असेल तर दुसऱ्याने घ्यावी, आणि चौकशी आणि आधार या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये, असा विचार आता अनेक संस्था मांडतात.

पण आधाराइतकीच उत्तराचीही गरज असते: काय झालं, का झालं, टळलं असतं का? बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच हट्ट धरला. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवा, त्याचं पुढे काय झालं ते वर्षभराने पाहा, यश मिळालं नसेल तर कारण लिहा आणि ते उघड करा. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला, स्वतःच्या लहान रुग्णालयातले निकाल छापले: १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेले ३३७ रुग्ण आणि नोंदवलेल्या १२३ चुका. व्यवसायाने त्यांना वाळीत टाकल्यासारखंच वागवलं. तरी त्यांच्याच विचारातून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने रुग्णालयांसाठी किमान दर्जाच्या अटी बनवल्या आणि तपासणी सुरू केली. शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं पाहिली. अटी पुऱ्या करणारी निघाली ८९. यादीत नामवंत रुग्णालयंही नापास होती. वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती यादी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळली गेली.

हे मी मुद्दाम सांगते. संस्था म्हणजे माणसंच. तीही घाबरतात, आपल्या लोकांना झाकतात. पण यादी जळाली तरी अटी जळाल्या नाहीत. गुंतागुंत आणि मृत्यूंवर नियमित बैठक घेणं ही त्या अटींमधली अपेक्षा पुढे सगळीकडे रुजली. तुमच्या युनिटमध्ये ती बैठक होत नसेल, तर तुमच्या रुग्णालयात ती असायलाच हवी असं लिहिलेला कागद बहुधा संस्थेकडे किंवा मान्यता देणाऱ्या यंत्रणेकडे सापडेल. तो घेऊन विभागप्रमुखांकडे जा, एकटी नको, दोघीतिघी जा. त्या विशिष्ट केसबद्दल बोलायला मात्र बैठकीची वाट पाहू नका. संस्थेच्या मार्गदर्शक योजनेतून तुमच्या रुग्णालयाबाहेरचा एक ज्येष्ठ सर्जन मागून घ्या आणि रुग्णाची ओळख न सांगता त्यांच्याशी टप्प्याटप्प्याने बोला. झोप उडाली असेल, ओटीत शिरताना हात थरथरत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. तिथे सर्जन पुरा पडत नाही.

अपमानाविषयी माझं मत ठाम आहे. ओरडून शिकवल्याने हात सुधारत नाही, माणूस प्रश्न विचारायचा थांबतो, आणि थिएटरमध्ये न विचारलेला प्रश्न रुग्णाला भोवतो. २०१५ मध्ये रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेजने नेमलेल्या सल्लागार गटाने पाहणी केली तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ४९ टक्के सर्जन आणि प्रशिक्षणार्थींनी भेदभाव, दादागिरी किंवा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. कॉलेजच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, कृती आराखडा केला, आणि आदराने वागण्याचं प्रशिक्षण सभासदांना सक्तीचं केलं. एका संस्थेने आकडा लपवला नाही, म्हणून आज इतर देशांतल्या रेसिडेंटना बोट दाखवायला जागा आहे. तुमच्या बाबतीत, प्रसंग घडला की तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नोंद त्याच दिवशी करा. तक्रारीची चौकशी रुग्णालय किंवा महाविद्यालय करेल, संस्था नाही. पण कुणाकडे जायचं आणि नाव कितपत गुप्त राहील, हे संस्थेतला प्रशिक्षणार्थींचा प्रतिनिधी तुम्हाला खरं सांगू शकतो. ब्रिटनमध्ये तर शिकाऊ सर्जनांनी १९७६ मध्ये स्वतःची वेगळी संघटनाच उभी केली. तुमच्या संस्थेत अशी समिती असेल तर नुसतं तिच्याकडे जाऊ नका, तिच्यात जा.

पदवीनंतरची वर्षं तुम्ही पत्रात मोजलेली नाहीत, पण संस्थेची खरी गरज तेव्हाच लागते. मिशिगनमध्ये स्थूलतेवरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपापल्या एका शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली. करणारा कोण हे न कळता सहव्यावसायिकांनी कसबाला गुण दिले. २०१३ मध्ये छापलेला निकाल असा: सर्वांत कमी गुणांच्या गटातल्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. हे सगळे शिकून तयार झालेले सर्जन होते. पदवीच्या दिवशी हात पुरा तयार होत नाही, आणि लहान रुग्णालयात चूक दाखवणारं शेजारी कुणी नसतं. म्हणून तिथे जाण्याआधीच आपली चित्रफीत पाहून स्पष्ट बोलणारी दोन-तीन माणसं जोडून ठेवा. प्रवास-शिष्यवृत्त्या, दुसऱ्या केंद्रात काही आठवडे राहून शिकण्याची सोय, बाळंतपणानंतर कामावर परतताना लागणारा सराव, यांसाठीही संस्थेचं दार ठोठवा. मागणारे कमी असतात म्हणून पुष्कळदा या योजना पडून राहतात.

पैसे भरण्याआधी कार्यालयाला विचारा: प्रशिक्षणार्थींची वर्गणी वेगळी आहे का, हप्ते चालतात का, कुठले अभ्यासक्रम सवलतीत मिळतात, मार्गदर्शक कसा नेमला जातो, शिकाऊ सभासदांना मत आहे का. एकाच वेळी तीन संस्थांचं सभासदत्व घेऊ नका. आधी जनरल सर्जरीची, उपशाखा ठरली की तिची. नावापुढच्या मानद अक्षरांसाठी परीक्षा, कसोटी वा काम न मागता नुसते पैसे मागणारं कुणी भेटलं तर तिथे एक रुपयाही देऊ नका. आणि कार्यालयाकडून नीट उत्तरं आली नाहीत, तर गेल्या दोन-तीन वर्षांत सभासद झालेल्या एखाद्या रेसिडेंटला गाठून एवढंच विचारा, की अडचणीत फोन केला तेव्हा कुणी उचलला का.